दोन्हीकडे चालणारी सायकल

लिफ्टकाका सायकलच्या दुकानात शिरले तेव्हा त्यांना त्रेसष्टावं चालू होतं आणि सायकलवर शेवटची टांग मारल्याला पस्तीस वर्षं उलटली होती. दुकानातल्या मिस्त्रीने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि नातवासाठी हवी आहे का, असं अगदी प्रेमाने विचारलं. काकांना ते प्रेम झोंबलं. नातू अजून झालेला नाही, सायकल मलाच हवी आहे आणि आजच हवी आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

काकांनी चौतीस वर्षं शहरातल्या लिफ्टा सांभाळल्या होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली किती माणसं त्यांनी बाहेर काढली असतील याची गणती नव्हती, आणि त्यातल्या एकालाही त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं. सगळ्या बिल्डिंगींत ते लिफ्टकाका. निवृत्त झाल्यावर लिफ्टा सुटल्या, नाव तेवढं चिकटून राहिलं.

मिस्त्री हाडाचा मास्तर निघाला. चष्मा कपाळावर चढवून त्याने तीन सायकली ओळीत उभ्या केल्या आणि काकांना स्टुलावर बसवून शिकवणीच सुरू केली. ही पहिली रोडबाईक. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर बोटभर रुंद, वजन असं की एका हाताने उचलून माळ्यावर टाकावी. हिच्यावर बसायचं म्हणजे ओणवं व्हायचं, नाक पुढच्या चाकापाशी. डांबरावर ही नुसती सुटते, पण खडी लागली की अंगातलं एकेक हाड मोजून दाखवते. ही दुसरी माउंटन बाईक. टायर मनगटाएवढे जाड आणि खाचाखाचांचे, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये स्प्रिंग. दगडधोंडे काही न बोलता गिळेल, पण हिला डांबरावर आणा, चिखलात रुतल्यासारखं वाटेल; पायडल मारून मारून नाकी नऊ येतील.

आणि ही तिसरी, हायब्रिड. हँडल सरळ, टायर ना जाड ना बारीक, बसायचं खुर्चीवर बसल्यासारखं पाठ ताठ ठेवून.

"म्हणजे रस्त्यावरही चालेल आणि डोंगरातही चालेल?" काकांनी विचारलं.

"चालेल की. पण काका, दोन्हीकडे चालेल म्हणजे दोन्हीकडे मागे राहील, एवढं ऐकून ठेवा."

काकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं दुकानातच सोडून दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'चार माणसांपेक्षा जास्त चढू नका' म्हणून बजावलेल्या माणसाने एवढा कानाडोळा करायला नको होता. पण त्यांना जे ऐकायला हवं होतं ते त्यांनी ऐकलं होतं. रस्त्यावरही आणि डोंगरातही. कारण त्यांची मुलगी रस्त्यावरची होती आणि मुलगा डोंगरातला.

त्याचं असं होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. आठवड्याचे सहा दिवस काका कसेबसे ढकलत. बँक असे, भाजी असे, शेजाऱ्यांचा मिक्सर नाहीतर इस्त्री उघडून बसता येई. रविवार मात्र अंगावर येई. रविवारी बँक बंद आणि शेजारी आपापल्या माणसांत. दोन खोल्यांत काका आणि फ्रिजची घरघर. दोन्ही मुलं त्याच शहरात, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतरावर, पण दोघांचे रविवार सायकलींना वाहिलेले. थोरली पहाटे उठून आपल्या ग्रुपबरोबर हमरस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर जाऊन येई. धाकटा दोन मित्रांना घेऊन शहराबाहेरच्या टेकड्यांत घुसे आणि दुपारी गुडघे सोलून परत येई. दोघं एकमेकांबरोबर कधीच जात नसत. तिला त्याचे दगड नकोत, त्याला तिचं डांबर नको. फोनवर थोरली एरवी 'जेवलात का, गोळ्या घेतल्यात का' याच्या पुढे जात नसे आणि धाकटा तर 'बरं' आणि 'हो' यावरच फोन उरकायचा. पण सायकलचा विषय निघाला की दोघांनाही कंठ फुटे. काकांच्या हे लक्षात आलं होतं. आपल्याला रविवारी कुणीतरी हवं आहे, आणि मुलांना सायकलवरचं माणूस आवडतं, असं साधं गणित त्यांनी मांडलं. एका सायकलमध्ये दोन मुलं मिळतील, हा त्यांचा हिशेब.

मुलांनी सायकलचं कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. थोरलीने हेल्मेट आणून दिलं, धाकट्याने सीटची उंची दोनदा बदलली. महिनाभर गल्लीत सराव झाल्यावर काका पहिल्यांदा थोरलीच्या ग्रुपबरोबर निघाले.

तो ग्रुप चौदा जणांचा. एकामागे एक, हातभर अंतर ठेवून, असा तो पळे. सगळ्यांत पुढचा वारा अंगावर घेई आणि मागचे त्याच्या आडोशाने जात. खड्डा दिसला की पुढचा हात खाली करून बोटाने दाखवी, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. काकांना ही शिस्त फार आवडली. ती त्यांनी जेमतेम दोन किलोमीटर जवळून पाहिली. मग तो आडोसा त्यांच्यापासून दहा हातांवर गेला, मग शंभर हातांवर, मग एका वळणापलीकडे. ताठ बसल्यामुळे सगळा वारा छातीवर येत होता. ग्रुपचा एक नियम होता, कुणाला एकटं मागे टाकायचं नाही. त्यामुळे थोरली मागे राहिली. ती त्यांच्या पुढे वीसेक हात चाले. दोन पायडल मारी आणि पाय थांबवी, की तिच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील किर्र वाजू लागे. काका जवळ येईपर्यंत ते वाजत राही. मग पुन्हा दोन पायडल आणि पुन्हा किर्र. चाळीस किलोमीटर काकांनी तो आवाज ऐकला. पोरगी आपल्यासाठी पाय आवरून धरते आहे, याचा तो आवाज होता. घरी आल्यावर 'मस्त चालवलीत' असं ती म्हणाली आणि फोनवर ग्रुपने टाकलेले फोटो बघत राहिली.

पुढच्या रविवारी धाकट्याने त्यांना टेकड्यांत नेलं. तिथली पायवाट म्हणजे सुटे दगड आणि झाडांची मुळं. धाकटा सीटवरून उठून, गुडघे वाकवून, अंग सैल सोडून त्यावरून असा जाई की काकांना तो लहानपणचा, जिन्याच्या कठड्यावरून घसरणारा दिसला. काकांच्या हायब्रिडचा टायर दगडावर चढायच्या ऐवजी सरके. फोर्कमध्ये नावाला स्प्रिंग होती, तिने दहा मिनिटांत हात टेकले. पंजे बधिर झाले. चढावर काका उतरून सायकल ढकलत आणि उतारावर भीतीने पुन्हा उतरून ढकलत. म्हणजे एकूण त्या दिवशी सायकललाच त्यांनी फिरवून आणलं म्हणा ना. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर धाकटा एक पाय जमिनीवर टेकून उभा असे, फोनमध्ये बघत. काका पोचले की फोन खिशात टाकून विचारी, "दमलात?" काका म्हणत, छे. मग तो निघे. बोलायला म्हणून जे थांबायचं, ते काका पोचेपर्यंत त्याचं थांबून झालेलं असे.

तरीही काका खूश होते, हे सांगायलाच हवं. मागे राहायला त्यांची हरकत नव्हती. शनिवारी ते चेनला तेल घालत, हवा तपासत, कपडे खुर्चीवर काढून ठेवत. एक रविवार थोरली, एक रविवार धाकटा. आपण बोलावल्याशिवाय दोघं आलटूनपालटून आपल्याला कसे बरोबर विचारतात, याचं त्यांना मनातून अप्रूप होतं. शेजाऱ्यांनाही त्यांनी ते दोन-तीनदा ऐकवलं.

मग थोरलीच्या स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बिघडला. एका बुधवारी काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिच्या घरी गेले. ती कामावर होती, जावई आतल्या खोलीत लॅपटॉपवर बैठकीत अडकलेला. पंखा उघडून, पुसून, पुन्हा बसवून काका स्टुलावरून उतरले आणि समोर फ्रिजच्या दारावर लावलेलं कॅलेंडर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. तिचं अक्षर बारीक आणि स्वच्छ, लहानपणापासून तसंच. मंगळवार, दातांचा डॉक्टर. शुक्रवार, पाण्याचा फिल्टर बदलणे. पहिल्या रविवारी लिहिलं होतं, 'बाबा'. दुसऱ्या रविवारी 'ग्रुप, ऐंशी किमी'. तिसऱ्या रविवारी पुन्हा 'बाबा'. आणि कडेला पेन्सिलने: 'पहिला-तिसरा मी, दुसरा-चौथा तो. पाचवा?'

काका त्या प्रश्नचिन्हाकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या कुणाला कदाचित त्यात काही वाटलं नसतं. पण काकांची सगळी हयात पाळीच्या कामात गेली होती. या आठवड्यात या लिफ्टा तू, त्या मी. पुढच्या आठवड्यात उलट. पाळीच्या लिफ्टवर कुणाचा राग नसतो. मन लावून काम करायचं, तेल घालायचं, दार दोनदा उघडून मिटून बघायचं, कार्डावर सही करायची आणि जिना उतरता उतरता ती लिफ्ट डोक्यातून काढून टाकायची. त्याशिवाय पुढच्या लिफ्टला हात लागत नाही. काकांनी हे हजारो वेळा केलं होतं, आणि चोख केलं होतं. मुलंही चोखच करत होती. त्यांना बोल लावायला कुठे जागाच नव्हती, आणि तेच काकांना सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी चहा टाकला आणि तो प्यायचा राहून गेला. आपण त्या पोरांकडून दर पंधरवड्याला त्यांचा एकुलता एक मोकळा दिवस काढून घेतो आहोत, हे त्यांना लख्ख दिसलं. थोरलीची ती आवरून धरलेली पायडलं आठवली आणि लाज वाटली. दुःखही झालं, पण लाज आधी वाटली.

गुरुवारी थोरलीचा फोन आला, रविवारी सहाला निघू या म्हणून. काकांनी आधीपासून पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, की या रविवारी धाकटा टेकडीवर चला म्हणतोय, तर तिकडेच जाईन म्हणतो.

"नक्की ना, बाबा?" ती म्हणाली. पण ते म्हणतानाच तिचा आवाज हलका झाला होता, डोक्यावरचं ओझं कुणी अलगद उतरवून घेतल्यासारखा. काकांच्या कानांना तो बारकावा कळला. बंद दारामागच्या मोटरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस होता तो.

पुढच्या आठवड्यात धाकट्याला त्यांनी तेच उलटं सांगितलं. ताईचा ग्रुप लांब जाणार आहे, ती म्हणतेय चला. धाकटा म्हणाला, "बरं. मग मी मित्रांबरोबर पलीकडचा डोंगर करून येतो." आणि कितीतरी दिवसांनी तो आपणहून पाच मिनिटं त्या डोंगराविषयी बोलला.

अशी ती थाप सुरू झाली. हायब्रिड नसती तर ती चाललीच नसती. रोडबाईकवाला माणूस मी डोंगरात गेलो म्हणाला तर कुणीही हसेल. पण काकांची सायकल दोन्हीकडे चालणारी, त्यामुळे ती नेहमी दुसरीकडे गेलेली असे. थोरलीला वाटे ते धाकट्याबरोबर आहेत, धाकट्याला वाटे ते ताईबरोबर आहेत, आणि काका एकटे शहरातून हिंडत असत.

एकटं हिंडताना त्यांना एक गोष्ट नव्याने कळली. ओणवं बसणाऱ्या थोरलीला पुढच्याचं मागचं चाक दिसतं. धाकट्याला पुढचा दगड दिसतो. ताठ बसणाऱ्याला मात्र सगळं दिसतं. बेकरीच्या मागच्या दाराशी पिठाच्या पोत्यावर बसून पेपर वाचणारा भट्टीवाला दिसला. शाळेच्या रिकाम्या मैदानात एक बाई भलामोठा ट्रक मागे घ्यायला शिकत होती आणि तिचा नवरा दोन्ही हातांनी खुणा करत बिचारा मागे मागे पळत होता. पोहण्याच्या तलावातलं पाणी काढलेलं होतं आणि तळाशी एक माणूस खुर्ची टाकून फरशा घासत बसला होता. असं काही दिसलं की काकांचं तोंड आपोआप उघडे. 'ते बघ' एवढे दोन शब्द तोंडात येत आणि शेजारी कुणी नसे. घरी आल्यावर सांगावं, तर थोरलीला सांगता येत नव्हतं, कारण त्या दिवशी ते टेकडीवर होते; धाकट्याला सांगता येत नव्हतं, कारण ते हमरस्त्यावर होते. त्यामुळे सगळं मूग गिळून पोटातच ठेवावं लागे. एवढं पाहिलेलं आणि एवढं न सांगितलेलं त्यांच्याकडे कधीच साठलं नव्हतं.

एकदा ते एका जुन्या नऊ मजली बिल्डिंगीपाशी थांबले. तिथली लिफ्ट त्यांनी स्वतः बसवली होती. आत जाऊन ते बंद दारासमोर उभे राहिले आणि वर जाणाऱ्या लिफ्टचा आवाज ऐकत राहिले. तिसऱ्या मजल्यावर ती जराशी कुरकुरत होती. रखवालदार नवा होता. त्याने येऊन विचारलं, कुणाकडे जायचंय. काका म्हणाले, कुणाकडे नाही. असं म्हटल्यावर रखवालदाराने त्यांना बाहेरपर्यंत सोडलं, म्हणजे बाहेर काढलं असंच म्हणायचं.

थाप पचत होती, आणि हळूहळू काकांना तेच डाचू लागलं. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं, मुलांना मोकळं करू. केलं. पण मनाच्या तळाशी दुसरंच काही होतं, आणि दोन महिन्यांनी ते त्यांनी स्वतःशी कबूल केलं. त्यांना पकडलं जायला हवं होतं. थोरलीने सहज धाकट्याला विचारावं, काय रे, बाबा कसे चालवतात हल्ली? त्याने म्हणावं, माझ्याबरोबर कुठे, तुझ्याबरोबर असतात ना? आणि मग दोघांनी मिळून दाराशी यावं आणि चांगलं फैलावर घ्यावं. काका त्या फैलावर घेण्याची वाट बघत होते. त्यासाठी त्या दोघांनी एकमेकांशी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि रविवारमागून रविवार ते वाक्य काही बोललं जात नव्हतं.

नवव्या की दहाव्या रविवारी कालव्याकाठच्या खडीवर त्यांचं पुढचं चाक घसरलं. उजवं कोपर चांगलं सोलवटलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. काका थोडा वेळ खडीवर तसेच बसून राहिले. आपण आता इथे तासभर पडून राहिलो, तर दोन्ही घरांत आपण सुखरूप आहोत असंच सगळे समजतील, हे त्यांच्या मनात आलं. मग उठून त्यांनी कपडे झटकले, हँडल सरळ केलं आणि कोपराला रुमाल बांधून चार किलोमीटर ढकलत घर गाठलं.

मंगळवारी थोरली भाजी द्यायला आली आणि तिने पट्टी पाहिली. टेकडीवर पडलो, असं काकांनी सांगितलं. ती भडकली. या मुलाला काडीची अक्कल नाही, बाबांना कुठे नेतोय याचा तरी विचार करायचा, थांबा, आजच त्याला चांगला झापते, असं तावातावाने बोलत तिने चपला घातल्या. काकांनी तिला अडवलं नाही. दार लावून ते फोन हातात घेऊन बसले. आता ती त्याला फोन करणार, आता त्याला कळणार, आणि संध्याकाळच्या आत दोघांपैकी कुणाचा तरी फोन येणार. बुधवार गेला. गुरुवारी धाकट्याचा फोन आला, तो काकांनी पहिल्याच रिंगला उचलला. त्याला पाना कुठे ठेवलाय ते विचारायचं होतं.

यानंतर तीन आठवड्यांनी थोरलीने सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. तिच्याकडे नवं डायनिंग टेबल आलं होतं आणि ते माणसं बसवून बघायचं होतं. खूप दिवसांनी काका दोन्ही मुलांना एका खोलीत बघत होते. टेबलाचं कौतुक झालं, त्याचा एक पाय डुगडुगतो हे काकांनी शोधून काढलं आणि खाली कागदाची घडी सारली. जेवण निम्म्यावर आलं होतं. काकांनी पाण्यासाठी हात लांब केला, तशी बाही वर सरकली आणि कोपरावरची नवी गुलाबी कातडी दिसली.

थोरलीला बरी आठवण झाली. ती भावाकडे वळली.

"तुला मी मेसेज केला होता ना, बाबांना जरा जपून म्हणून? नुसता अंगठा पाठवलास. एवढं लागलं त्यांना, एक शब्द तरी लिहायचास."

धाकट्याने वर पाहिलं. तो मेसेज त्याला आठवत असावा, पण तो कशाबद्दल होता हे त्याला आत्ता कळत होतं. त्याने आधी ताईकडे बघितलं, मग बाबांच्या कोपराकडे, आणि मग बाबांच्या तोंडाकडे. काकांनी नजर हलवली नाही. पकडा आता, असं ते मनातल्या मनात म्हणत होते. इतके आठवडे ज्याची वाट बघितली ते आता एका वाक्यावर आलं होतं. धाकट्याचा हात पोळीच्या तुकड्यावर तसाच थांबला होता.

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. मी जरा पुढे गेलो होतो."

काकांना ऐकू आलं ते खरं वाटेना. जिथे तो नव्हताच, तिथलं पडणं त्याने आपल्या अंगावर घेतलं होतं.

"पुढे गेला होतास," थोरली म्हणाली. "वा. आमच्या ग्रुपात असं कुणाला सोडत नाहीत."

"नाही ना?" धाकटा हळूच म्हणाला. तो आता तिच्याकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. "तुझ्याबरोबर असतात तेव्हा बरं जातात ना, ताई? मागच्या रविवारी लांब नेलंस त्यांना. त्याच्या आधीही."

थोरलीने तोंड उघडलं. 'मी?' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला काकांना स्पष्ट दिसला. मग ती थांबली. तिच्या हातातला चमचा भांड्यावरच राहिला. डोक्यात एकेक रविवार मागे जात होता, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. हा नाही, त्याआधीचा नाही, त्याच्याही आधीचा नाही. ती हुशार पोर. तिला फार वेळ लागला नाही. तिने काकांकडे पाहिलंच नाही.

"हो," ती म्हणाली. "जातात की. हळूहळू जमतंय."

म्हणजे दोघांनीही त्यांना पकडलं होतं आणि दोघांनीही त्याच क्षणी सोडून दिलं होतं. टेबलाभोवती तिघं जण एकच गोष्ट जाणत होते आणि तिघंही जेवत होते. काकांना वाटलं, कुणीतरी आता रागवावं. कुणी रागवलं नाही.

जावयाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सायकलीचा विषय निघाला आहे एवढंच त्याला कळलं होतं आणि सासऱ्यांना बोलतं करावं असं त्याच्या भल्या मनाला वाटलं. पाण्याचा जग त्यांच्याकडे सरकवत तो हसून म्हणाला, "बाबा, अगदी खरं सांगा हं. कुणाबरोबर जास्त मजा येते? हिच्याबरोबर की याच्याबरोबर?"

दोन्ही मुलांच्या माना खाली होत्या. काका आत्ता खरं बोलू शकले असते. भट्टीवाला, ट्रकवाली बाई, रिकामा तलाव, कालव्याची खडी, सगळं एका दमात सांगून टाकता आलं असतं. त्यांनी श्वासही घेतला. पण धाकट्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी मार बसण्याआधी व्हायच्या तशाच. थोरलीने टेबलाची कड बोटांनी घट्ट धरून ठेवली होती.

"दोघांबरोबर," काका म्हणाले. "दोघंही माझ्यासाठी फार थांबतात."

थोरली पाणी आणते म्हणून उठली. जग भरलेलाच आहे असं जावई म्हणेपर्यंत ती आत गेली होती, आणि आतला नळ बराच वेळ चालू राहिला.